सहा पडत का नाही?

तिसरी-चौथीच्या मुलांसमोर फासा धरून विचारा, यावरचा कोणता आकडा पडायला सर्वांत अवघड? बहुतेक वर्गांत एकच उत्तर जोरात येते: सहा. आपल्याच मुलांना असे वाटते असे नाही, परदेशांतल्या अभ्यासकांनीही मुलांचे हे उत्तर नोंदवून ठेवले आहे. मोठी माणसे त्यावर हसतात आणि लगेच सांगून टाकतात, ‘अरे, सगळे आकडे सारखेच!’ मूल मान डोलावते आणि मनातल्या मनात म्हणते, सहाच अवघड.

त्याच्याकडे पुरावा असतो. ल्यूडोत सहा पडल्याशिवाय सोंगटी घरातून बाहेर निघत नाही. तीन पडावे म्हणून कोणी फुंकर मारून फासा टाकत नाही, चार पडले नाहीत म्हणून कोणी रडत नाही. सहाची मात्र वाट पाहिली जाते, आणि वाट पाहताना मूल सहाची तुलना एकट्या तिनाशी किंवा चाराशी करत नसते. एका बाजूला सहा आणि दुसऱ्या बाजूला बाकीचे पाचही आकडे, अशी ती तुलना असते. सहा दानांमागे साधारण एकदा सहा आणि पाचदा ‘सहा नाही’, हे त्याने अनेकदा अनुभवले आहे. मुलाचे निरीक्षण खरे आहे, फक्त ते दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर आहे. प्राथमिक शाळेत संभाव्यता शिकवायची म्हणजे मुलाने जमवलेला हा पुरावा मोडीत न काढता त्याला योग्य प्रश्नाशी जोडून द्यायचे. हे काम फळ्यावर होत नाही, ते खेळातच होते.

त्यासाठी मला सर्वांत आवडणारा खेळ अगदी साधा आहे. सोयीसाठी वर्गात छत्तीस मुले आहेत असे समजू. सगळी उभी राहतात. प्रत्येकाजवळ फासा. बाई ‘टाका’ म्हणाल्या की सगळ्यांनी एकदम टाकायचा आणि ज्याला सहा पडेल त्याने खाली बसायचे. टाकण्याआधी प्रत्येकाने वहीत एक अंदाज लिहायचा: चार दाने झाल्यावर किती जण उभे असतील? हा अंदाज लिहून घेणे फार महत्त्वाचे, कारण न लिहिलेला अंदाज निकाल कळताच आपोआप बरोबर होतो! पहिल्या दानाला सहाएक मुले बसतात, तीसएक उरतात. दुसऱ्या दानाला त्यांतली पाचएक बसतात. प्रत्येक वेळी उरलेल्यांचा साधारण सहावा हिस्सा बसत जातो आणि चार दानांनंतर सतराच्या आसपास मुले उभी असतात. दहा दाने झाली तरी पाच-सहा जण उभेच. हीच ती मुले, जी घरी जाऊन सांगतात, ‘मला सहा कधी पडतच नाही.’

आता बाईंनी विचारावे, ‘हे जे उभे आहेत त्यांचे हात वाईट आहेत का?’ वर्गात दोन तट पडतात. मग खेळ पुन्हा सुरुवातीपासून खेळायचा. या वेळी शेवटपर्यंत उभी राहणारी मुले बहुतेक वेगळीच निघतात, पण त्यांची संख्या मात्र पहिल्यासारखीच, पाच-सहाच्या आगेमागे. कोण उभे राहील हे सांगता येत नाही, किती उभे राहतील हे मात्र बऱ्यापैकी सांगता येते. संभाव्यतेचे सगळे शास्त्र या दोन वाक्यांमधल्या जागेत उभे आहे आणि आठ वर्षांच्या मुलाला ते कळू शकते. तिसऱ्या फेरीत सहाऐवजी ‘तीन पडले की बसा’ असा नियम करावा. तीन पडायलाही तेवढाच उशीर लागतो हे पाहून मुलांचे चेहरे बदलतात.

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या पाठ्यपुस्तकांत ‘संभाव्यता’ हे प्रकरण थेट दहावीत, गणित भाग १ मध्ये समोर येते. यादृच्छिक प्रयोग, नमुना अवकाश, घटना असे शब्द घेऊन ते येते आणि बहुतेक मुले अंशात काय आणि छेदात काय एवढे लक्षात ठेवून त्याचे गुण मिळवतात. पण तोवर त्यांच्या मनात नशिबाबद्दलची एक पक्की घरगुती समजूत तयार झालेली असते. सूत्र तिच्या शेजारी जाऊन बसते, तिला धक्का लावत नाही. इंग्लंडने २०१४पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात प्राथमिक शाळेतून संभाव्यता काढून टाकली, तर ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ती प्राथमिक शाळेतच शिकवली जाते. म्हणजे जाणत्या लोकांतही यावर एकमत नाही. माझे मत स्पष्ट आहे: सूत्र दहावीतच असू द्या, पण अनुभव दुसरी-तिसरीपासून द्या.

लवकर सुरू करण्याविरुद्ध सर्वांत वजनदार साक्ष मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांची मानली जाते. त्यांनी आणि बार्बेल इनहेल्डर यांनी १९५१ साली मुलांच्या मनातल्या यदृच्छेच्या कल्पनेवर एक पुस्तक लिहिले. त्यातला एक प्रयोग असा: एका तबकात एका बाजूला पांढरे आणि दुसऱ्या बाजूला लाल मणी ओळीने मांडायचे, मग तबक झुल्यासारखे हलवायचे. मणी मिसळत जातात. पुढे काय होईल, असे विचारल्यावर अगदी लहान मुले सांगत की हलवत राहिले की मणी पुन्हा आपापल्या जागी जातील. शक्यतांचा पद्धतशीर हिशेब करायची कुवत अकरा-बारा वर्षांनंतर येते, असा पियाजे यांचा निष्कर्ष होता. पुढे एफ्राइम फिशबाइन यांनी १९७५च्या आपल्या पुस्तकात वेगळा सूर लावला. शक्याशक्यतेची एक जाण मुलांत लहानपणापासून असते आणि योग्य अनुभव मिळाले तर ती वाढते, असे त्यांचे म्हणणे. मला या दोघांत फार मोठे भांडण दिसत नाही. हिशेब उशिरा येतो, हे पियाजे यांचे म्हणणे खरे. पण पेरणी कधी करायची, हा प्रश्न पीक कधी येते यापेक्षा वेगळा आहे.

पहिली-दुसरीत फक्त शब्दांचा खेळ पुरतो. वर्गात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधायची. एका टोकाला ‘शक्यच नाही’, दुसऱ्या टोकाला ‘नक्की’. मुलांनी चिठ्ठ्यांवर वाक्ये लिहून ती कपड्यांच्या चिमट्यांनी दोरीवर लावायची. ‘आज मधल्या सुट्टीत खिचडी मिळेल.’ ‘जुलैत आमच्या गावात पाऊस पडेल.’ ‘फाशावर सात पडतील.’ चिमटा कुठे लावायचा यावर मुले भांडतात आणि भांडताना कारणे देतात. तेवढेच हवे असते.

यानंतर दोन फाशांची शर्यत. जमिनीवर खडूने बारा रांगा आखायच्या, एक ते बारा क्रमांकाच्या. प्रत्येक रांगेत एक घोडा, म्हणजे एखादी गोटी किंवा बूच. दोन फासे टाकायचे आणि बेरीज येईल त्या क्रमांकाचा घोडा एक घर पुढे सरकवायचा. जो आधी दहा घरे ओलांडेल तो जिंकला. सुरुवातीला मुले आपल्या आवडीचा घोडा घेतात. कोणी वाढदिवसाची तारीख म्हणून, कोणी आवडत्या खेळाडूच्या सदऱ्यावरचा आकडा म्हणून. कोणीतरी हमखास एक नंबरचा घोडा घेते, पहिला नंबर म्हणून. त्या मुलाला आधीच सावध करू नये. पाच-सात दानांनंतर ते स्वतःच ओरडते, ‘बाई, माझा घोडा हलणारच नाही!’ अशक्य म्हणजे काय, हे त्या वर्गाला पुन्हा शिकवावे लागत नाही.

दुसऱ्या डावात सगळ्यांना सात, सहा आणि आठ हवे असतात. का, याचे उत्तर मिळवायला फासे दोन रंगांचे हवेत, एक लाल आणि एक हिरवा. या बारीकशा सोयीवर सगळा धडा अवलंबून आहे. दोन्ही फासे पांढरे असले तर ‘पाच आणि सहा’ एकच वाटते. लाल पाच-हिरवा सहा आणि लाल सहा-हिरवा पाच असे डोळ्यांनी दिसले की अकराला दोन वाटा आहेत आणि बाराला एकच, हे मूल बोट ठेवून दाखवते. गॉटफ्रीड लाइबनिट्स यांच्यासारख्या कलनशास्त्राच्या जनकाने दोन फाशांवर अकरा आणि बारा पडणे सारखेच संभवनीय आहे असे लिहून ठेवले होते. दालांबेर या फ्रेंच गणितज्ञाने १७५४ साली विश्वकोशातल्या लेखात, नाणे दोनदा उडवून निदान एकदा छापा पडण्याची संभाव्यता दोन-तृतीयांश सांगितली. ती तीन-चतुर्थांश आहे. इतक्या मोठ्या बुद्धीची माणसे जिथे अडखळली तिथे चौथीतले मूल अडखळले तर ते चांगल्या संगतीत आहे, असे समजावे. मग छत्तीस चौकोनांचा तक्ता करायचा, सहा आडव्या आणि सहा उभ्या रांगांचा, आणि प्रत्येक चौकोनात बेरीज लिहायची. सातांची तिरकी ओळ तक्त्याच्या मधोमध कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जाते. सहा चौकोन सातांचे, पाच-पाच सहा आणि आठांचे आणि एकेक दोन आणि बारांचे.

आता चिंचोके. आपल्याकडे संभाव्यतेचे सर्वांत चांगले साधन हेच आहे असे माझे मत आहे, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. चिंचोका फोडून त्याची दोन दले वेगळी केली की एक बाजू आतली पांढरट आणि सपाट, दुसरी बाहेरची तपकिरी आणि फुगीर. चार दले घेतली की अष्टाचम्मा किंवा चल्लस-आठ खेळायला बसता येते. गावोगाव नावे आणि नियम थोडे बदलतात, पण पट तोच, पाच बाय पाच घरांचा, कडेच्या मधल्या घरांवर फुल्या मारलेला. एक पांढरा पडला तर एक घर, दोन पडले तर दोन, तीन पडले तर तीन, चारही पांढरे पडले तर चार, आणि एकही पांढरा नसेल, सगळे पालथे पडले, तर आठ. काही ठिकाणी हे चार आणि आठ उलटे मोजतात. आजीच्या पिढीने उन्हाळ्याच्या दुपारी हे दान हजारो वेळा टाकले आहे.

मुलांना विचारायचे, आठ पडले की एवढी बढती का मिळते? ‘कारण ते क्वचित पडते.’ किती क्वचित? इथे यादी करायला लावावी. चार दलांना अ, ब, क, ड अशी नावे द्यायची आणि प्रत्येक पांढरे पडेल की तपकिरी, याच्या सगळ्या रीती लिहायच्या. सोळा रीती निघतात. एकही पांढरा नाही अशी एक, एक पांढरा अशा चार, दोन पांढरे अशा सहा, तीन पांढरे अशा चार, चारही पांढरे अशी एक. १, ४, ६, ४, १. ही ओळ आपल्या परंपरेला फार जुन्या काळापासून ठाऊक आहे, पण ती जुगारातून आलेली नाही. ती कवितेतून आली. चार अक्षरांच्या चरणात लघु आणि गुरू किती प्रकारांनी मांडता येतील, हा पिंगलाच्या छंदःशास्त्रातला प्रश्न. दहाव्या शतकातल्या हलायुधाने आपल्या टीकेत तो मेरुप्रस्ताराच्या, म्हणजे आकड्यांच्या त्रिकोणाच्या, रूपाने उलगडून दाखवला. चार चिंचोके आणि चार अक्षरे यांचा हिशेब एकच आहे, ही गोष्ट मुलांना सांगितली की मराठीचा तास आणि गणिताचा तास यांच्यातली भिंत क्षणभर तरी पातळ होते.

पण खरी गंमत पुढे आहे. सोळा रीती सारख्याच संभवनीय असतील तर १६० दानांत आठ पडायला हवे दहाएक वेळा, चार पडायला हवे दहाएक वेळा आणि दोन पडायला हवे साठएक वेळा. वर्गाचे चाराचारांचे गट करून प्रत्येक गटाने वीस दाने टाकावीत आणि निकाल रेघा मारून मोजावेत. आठ गट म्हणजे १६० दाने. फळ्यावर बेरीज केली की ती हिशेबाशी जुळत नाही. कुठे चारच जास्त पडतात, कुठे आठच. मुलांना वाटते आपले काहीतरी चुकले. चुकलेले काहीच नसते. चिंचोका म्हणजे नाणे नव्हे. एक बाजू सपाट, एक फुगीर, त्यामुळे तो दोन्ही अंगांनी सारखाच पडावा असा निसर्गाचा काही नियम नाही.

तो किती झुकलेला आहे, हे कळायला एकच मार्ग आहे: एकच दल शंभर वेळा टाकून पाहणे. समजा शंभरांत साठ वेळा पांढरी बाजू वर आली. साठ आणि चाळीस, फरक फारसा वाटत नाही. पण चारही दले अशीच असतील तर दहा हजार दानांत चार पडेल १,२९६ वेळा आणि आठ पडेल फक्त २५६ वेळा. पाचपट! एकेका चिंचोक्याचा लहानसा कल चौघांनी मिळून एवढा मोठा केला. हा गुणाकार चौथीत करून घेण्याची गरज नाही. मुलांनी आपले आकडे पाहून ‘आमचे चिंचोके आठ द्यायला कंजूष आहेत’ एवढे म्हटले तरी पुरे. काही गट तर लगेच दले निवडायला लागतात, हे जास्त फुगीर, हे चपटे. घासून बदललेल्या दलाने दान बदलते का, हेही ती तपासतात. विज्ञानाचा प्रयोग यापेक्षा वेगळा काय असतो?

नाण्याने आणि फाशाने सुरुवात केली तर मूल असे समजून बसते की सगळ्या शक्यता नेहमी सारख्याच असतात आणि उत्तर विचार करूनच मिळते. चिंचोका त्याला सांगतो की कधीकधी टाकूनच पाहावे लागते. पावसाचा अंदाज, औषधाचा गुण, बियाणे उगवण्याचे प्रमाण, विम्याचा हप्ता, मोठेपणी भेटणाऱ्या बहुतेक संभाव्यता चिंचोक्यासारख्या असतात, नाण्यासारख्या फार थोड्या. म्हणूनच पाठ्यपुस्तकांतल्या नाणी-पत्त्यांच्या आधी हा खेळ यावा असे मला कळकळीने वाटते.

आपल्याला दिसत नाही अशा गोष्टीबद्दल अंदाज बांधण्याचा सर्वांत सुंदर खेळ फ्रान्समधला आहे. गी ब्रूसो या गणितशिक्षणाच्या अभ्यासकाने १९७०च्या दशकात बोर्दो परिसरातल्या शाळेत नऊ-दहा वर्षांच्या मुलांबरोबर तो राबवला. पाच मणी, काही काळे, काही पांढरे, अपारदर्शक बाटलीत. बाटली उघडायची नाही. उलटी केली की तोंडाशी एकच मणी दिसतो, मग पुन्हा सरळ करून हलवायची. आत किती काळे आणि किती पांढरे?

आपल्या वर्गात पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीला कागद गुंडाळून, फक्त मान उघडी ठेवली की हे साधन तयार. मणी मात्र एवढे मोठे हवेत की मानेत एका वेळी एकच मावेल. मुले पहिल्यांदा पाच वेळा बाटली उलटी करतात, तीन काळे आणि दोन पांढरे दिसतात आणि ती जाहीर करतात: तीन काळे, दोन पांढरे! पाच मणी, पाच वेळा पाहिले, संपले. मग दुसरे कोणी पाच वेळा पाहते आणि त्याला चार काळे दिसतात. तिसऱ्याला दोनच. आता भांडण. खरोखर तीन काळे आणि दोन पांढरे असले, तरी पाचदा पाहून बरोबर तीन काळे दिसण्याची शक्यता साधारण एक-तृतीयांशच असते. एकच मणी पुन्हा पुन्हा तोंडाशी येऊ शकतो, ही गोष्ट कोणीतरी भांडताभांडता बोलते आणि तिथून खेळाला वेगळे वळण लागते. जास्त वेळा पाहायला हवे. पन्नास वेळा पाहिले की तीन काळ्यांची बाटली तिसाच्या आसपास काळे दाखवते आणि दोन काळ्यांची विसाच्या आसपास, मग दोन्हींत गल्लत होणे कठीण. कोणी सुचवते की आपणच एक बाटली भरू, आत काय आहे ते माहीत असलेली, आणि दोन्हींची तुलना करू.

या खेळात शिक्षकाची खरी परीक्षा शेवटी असते. मुले म्हणतात, ‘आता उघडा ना!’ उघडायची नाही. आपण किती खात्रीने सांगू शकतो आणि आणखी खात्री हवी असेल तर काय करावे लागेल, याचा विचार बाटली बंद असेपर्यंतच चालतो. उघडली की सगळे पुन्हा ‘माझे बरोबर, तुझे चूक’ यावर येते. तळ्यातले मासे मोजणाऱ्याला तळे रिकामे करता येत नाही, निवडणुकीचा कल पाहणाऱ्याला सगळ्या मतदारांना विचारता येत नाही. महाभारताच्या वनपर्वात ऋतुपर्ण राजा धावत्या रथातून बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे सांगतो, रथ थांबवून नल ती मोजून पाहतो आणि ती जुळतात. नलाला अक्षविद्या, म्हणजे फाशांचे ज्ञान, मिळते ते याच मोजणाऱ्या राजाकडून. त्या काळी फासे म्हणून बेहड्याचीच फळे वापरत. मोजणे आणि फासे जाणणे ही दोन कामे त्या कथेने एकाच माणसाकडे दिली आहेत.

पिशवीतल्या गोट्यांचा खेळ याच्यापेक्षा सोपा दिसतो, पण त्यात एक खोच आहे. एका पिशवीत तीन लाल आणि एक पांढरी, दुसरीत पाच लाल आणि पाच पांढऱ्या. लाल निघाली तर जिंकलात. कोणती पिशवी घ्याल? लहान मुले बहुधा दुसरी घेतात, तिथे लाल जास्त आहेत म्हणून. त्यांना अपूर्णांक शिकवायची घाई करू नये. वीस-वीस वेळा काढून पाहू द्या, प्रत्येक वेळी गोटी परत टाकून. पहिल्या पिशवीतून पंधराच्या आसपास लाल निघतात, दुसरीतून दहाच्या. ‘तिथे पांढऱ्या आडव्या येतात’ असे मूल म्हणाले की गुणोत्तराचे दार उघडले.

यदृच्छेचे रूप कसे असते, याबद्दल मात्र मुलांची आणि मोठ्यांची समजूत सारखीच चुकीची असते. हंगेरीचे तमाश वर्गा यांनी १९६०च्या दशकापासून प्राथमिक शाळेतल्या गणिताचा चेहरा बदलायचे काम केले आणि त्यात संभाव्यतेला मानाची जागा दिली. त्यांचा एक खेळ जगभर पोहोचला आहे. वर्गाचे दोन भाग करायचे. एका भागातल्या मुलांनी खरोखर नाणे उडवून छापा-काटा लिहायचा, दुसऱ्या भागातल्यांनी नाणे न उडवता मनानेच, खरे वाटेल असे लिहायचे. बाई तोवर बाहेर. परत आल्यावर त्या कागद पाहून सांगतात कोणता खरा, कोणता रचलेला, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतात. युक्ती सोपी आहे. सलग छापा किंवा सलग काटा किती लांब गेला आहे, तेवढेच पाहायचे. शंभर वेळा खरोखर नाणे उडवले तर कुठेतरी पाच किंवा त्याहून जास्त वेळा सलग एकच बाजू पडण्याची शक्यता शंभरात सत्त्याण्णव आहे. मनाने लिहिणारे मूल तीन छापे लिहून झाले की घाबरते आणि काटा लिहिते.

हीच भीती चिठ्ठ्यांच्या राजा-मंत्री-चोर-शिपाई खेळात दिसते. ‘मी तीनदा चोर झालो, आता राजाच येणार.’ चिठ्ठ्यांना मागचे काही आठवत नाही. हे तोंडाने सांगून उपयोग नाही, पण महिनाभर खेळताना वहीत प्रत्येक डावाला कोण काय झाले हे लिहून ठेवले, आणि ‘चोर झाल्यावर लगेच पुढच्या डावात काय आले’ हे वेगळे मोजले, तर पुन्हा चोर येण्याचे प्रमाण चारांत एकाच्या आसपासच दिसते. मूल आपल्याच वहीवर विश्वास ठेवते.

‘शाळेत जुगार शिकवता का?’ असे पालक विचारतात, आणि त्यांचा प्रश्न मनापासूनचा असतो. फासे म्हटले की द्यूतसभा आठवणारी आपली मने आहेत. म्हणून एक पथ्य कडक पाळावे: वर्गात कशाचीही पैज नाही, पैसे नाहीत, चॉकलेटही नाही. शिवाय हरलेल्याला शाबासकी देण्याची सवय हवी. तीन लाल-एक पांढरीची पिशवी घेऊनही पांढरी निघू शकते. अशा वेळी मूल हिरमुसते आणि म्हणते, ‘माझे चुकले.’ त्याला सांगायला हवे की तू हरलास, पण पिशवी बरोबर निवडली होतीस, उद्याही हीच निवड. आणि चुकीची पिशवी घेऊन जिंकलेल्याला सांगायला हवे की जिंकलास खरा, पण ही पिशवी पुन्हा घेऊ नकोस. निकाल आणि निवड वेगळ्या करून पाहणे मोठ्यांनाही जमत नाही. दहावीच्या निकालात, शेतीत, नोकरीत आपण माणसांना निकालावरूनच शहाणे किंवा मूर्ख ठरवतो. ही सवय आठव्या-नवव्या वर्षी खेळातून लागली तर लागते, पुढे प्रवचनाने लागत नाही. आणि लॉटरीच्या तिकिटाकडे, ऑनलाइन पैशांच्या खेळाकडे पाहताना ज्याने स्वतः टाकलेल्या दानांची नोंद ठेवली आहे, ते मूल अधिक सावध असते असा माझा विश्वास आहे.

शेवटचा खेळ पाचवीसाठी, आणि तो खेळापेक्षा न्यायनिवाडा जास्त आहे. दोन खेळाडू, दोन फासे. मोठ्या आकड्यातून लहान वजा करायचा. उत्तर ०, १ किंवा २ आले तर पहिल्याला एक गुण, ३, ४ किंवा ५ आले तर दुसऱ्याला. तीन आकडे याला, तीन त्याला. मुले लगेच मान्य करतात. दहा मिनिटांत दुसऱ्या बाजूची मुले तक्रार घेऊन येतात की हा रडीचा डाव आहे. तेव्हा त्यांना सिद्ध करायला सांगायचे. छत्तीस चौकोनांचा तोच तक्ता पुन्हा काढायचा, या वेळी बेरजेऐवजी वजाबाकी लिहून. शून्याचे सहा चौकोन, एकाचे दहा, दोनाचे आठ, तिनाचे सहा, चाराचे चार, पाचाचे दोन. पहिल्याकडे चोवीस, दुसऱ्याकडे बारा.

आता नियम दुरुस्त करा, असे सांगून बाईंनी मागे बसावे. एक गट म्हणतो, दुसऱ्याला प्रत्येक वेळी दोन गुण द्या. बारा दुणे चोवीस, हेही बरोबर. दुसरा गट गुण तसेच ठेवून आकडेच वाटून घ्यायला लागतो. प्रत्येकाच्या वाट्याला अठरा चौकोन यायला हवेत. मुले बेरजा करतात, खोडतात, पुन्हा करतात आणि एका जोडीला सापडते: पहिल्याला १ आणि २, दुसऱ्याला ०, ३, ४ आणि ५. कोणीतरी उसळून म्हणते, ‘याला दोनच आकडे आणि त्याला चार? हे कसले सारखे?’ ती जोडी तक्त्यावर बोट ठेवून मोजायला लागते. एकाचे दहा, दोनाचे आठ.